मिठाचा सत्याग्रह रंगमंचावर बसवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाळांचे मुख्याध्यापक, स्नेहसंमेलन व चित्ररथ समित्या, आणि २०३० मधल्या शताब्दीची तयारी करू पाहणारी मंडळे

विषय : मिठाच्या सत्याग्रहाचे प्रात्यक्षिक खरे मीठ काढून व्हावे, याबाबत

स. न. वि. वि.

पंधरा ऑगस्टला, आणि काही ठिकाणी सहा एप्रिलला, एक ठरलेला प्रवेश होतो. पंचा नेसलेला मुलगा काठी टेकत येतो. मागे निळा पडदा. थर्माकोलच्या खडकाआड ठेवलेल्या वाटीतून तो पांढरेशुभ्र, बारीक, सकाळीच वाण्याकडून आणलेले मीठ उचलतो आणि मूठ वर धरतो. टाळ्या पडतात, खाकी चड्डीतले शिपाई विंगेत पळतात, वंदे मातरम् होते. सगळे मिळून सात मिनिटे.

मुलाचा यात काही दोष नाही, तो बिचारा पाठ केलेले चोख करतो. पण पाहणाऱ्याच्या मनात जे राहते ते चुकीचे राहते. कोणी म्हाताऱ्याने चिमूट उचलली आणि साम्राज्य हादरले, म्हणजे जादूच झाली. मीठच का, ते कसे निघत होते, किती निघत होते, निघाल्यावर कुठे जात होते, एक माणूस पकडला गेला की त्याच्या जागी कोण उभा राहत होता, यातले काही म्हणजे काही त्या सात मिनिटांत नसते. चळवळ मात्र याच गोष्टींवर चालली. म्हणून विनंती अशी की येत्या वर्षापासून वाटी बाद करा आणि खऱ्या पाण्यातून खरे मीठ काढा. कसे काढायचे आणि काढताना काय बिघडते ते पुढे लिहीत आहोत.

पण चूल पेटवण्याआधी फळ्यावर थोडा हिशेब मांडा. १९३० साली मिठावरचा कर मणाला सव्वा रुपया होता. मण म्हणजे ४० शेर, आजच्या मापाने ३७ किलोंहून किंचित जास्त. सव्वा रुपयाचे वीस आणे, म्हणजे शेराला अर्धा आणा. माणशी वर्षाला सहा शेर मीठ धरले तर कर होतो तीन आणे, आणि पाच माणसांच्या घराला पंधरा आणे. तीन आण्यांचे एवढे काय, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांच्यासाठी २ मार्च १९३० चे पत्र वर्गात वाचून दाखवा. गांधीजींनी ते व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना लिहिले आणि रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रजाच्या हाती पाठवले. त्यात आकडे आहेत : व्हाइसरॉयचा पगार महिना २१ हजार रुपये, म्हणजे रोज सातशे, हिंदी माणसाची सरासरी मिळकत दिवसाला दोन आण्यांहूनही कमी, आणि या दोहोंत पाच हजार पटींहून जास्त तफावत. मुलांना हा भागाकार स्वतः करू द्या. सातशे रुपयांचे आणे केले की ११,२०० होतात, त्याला दोनने भागले की ५,६००. कर मात्र दोघांच्याही मिठावर सारखाच, शेराला अर्धा आणा. शिवाय उन्हात राबणाऱ्याला घामामुळे मीठ जास्त लागते आणि गुरांनाही ते द्यावे लागते. १९२३ मध्ये तर कायदेमंडळाचा नकार डावलून व्हाइसरॉयच्या खास अधिकारात हा कर दुप्पट, म्हणजे मणाला अडीच रुपये केला होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा सव्वावर आला. लोक हे सात वर्षांत विसरले नव्हते.

आता मीठ.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात. त्यातले खाण्याचे मीठ सुमारे २७ ग्रॅम. उरलेल्यात मॅग्नेशियमचे कडू क्षार, जिप्सम, थोडा चुना. हे सगळे एकाच वेळी खाली बसत नाहीत, आणि मिठागरावरच्या माणसाचे सारे कसब या क्रमात असते. पाणी आटू लागले की आधी चुना बसतो, मग जिप्सम. मूळ पाण्याचा दहावा हिस्सा उरला की मीठ धरायला लागते. त्याहीपुढे आटवत गेलात तर कडू क्षार मिठात उतरतात. म्हणून पाणी पूर्ण आटू द्यायचे नाही, मीठ बसले की वरचे कडू पाणी ओतून टाकायचे. प्रात्यक्षिकात सर्वांत जास्त बिघडते ते इथे. उत्साहाच्या भरात कढई कोरडी होईपर्यंत आच ठेवतात, पांढरा थर खरवडतात आणि चाखणारा तोंड वाकडे करतो. असे मीठ संध्याकाळपर्यंत ओलेही होते, कारण त्यातले मॅग्नेशियम हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते त्याचे निम्मे कारण हेच.

मिठागरात पाण्याचा दाटपणा बोमे अंशांत मोजतात. समुद्राचे पाणी तीन-साडेतीन अंशांचे, मीठ धरते ते साडेपंचवीसच्या आसपास, आणि २९-३० च्या आत वरचे पाणी काढून टाकायचे. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा घनतामापी असेल तरी भागते, पंचवीस अंश म्हणजे सापेक्ष घनता सुमारे १.२१. तोही नसेल तर काही जण अंडे किंवा बटाटा तरंगतो का पाहतात. ही परीक्षा फसवी आहे. अंडे आणि बटाटा १.१ च्या आतबाहेरच तरंगू लागतात, तेव्हा मीठ धरायला अजून बरेच पाणी जायचे असते. साधी खात्री हवी असेल तर जाड्या मिठाचा एक खडा पाण्यात टाका आणि ढवळा. विरघळला तर थांबा, तसाच राहिला तर पाणी तयार आहे.

दहा लिटर पाण्यातून कडू पाणी वेळेवर काढल्यास २०० ग्रॅमच्या आसपास मीठ हाती येते. याहून जास्त निघाले तर समजा की त्यात कडू क्षार शिरलेत किंवा ते नीट निथळलेले नाही. बरेच कमी निघाले तर पाणी खाडीच्या आतून भरले असणार, जिथे नदीचे गोडे पाणी मिसळते. पाणी उघड्या समुद्राचे, भरतीचे घ्या. ते रात्रभर भांड्यात ठेवून वरचे निवळ तेवढे दुहेरी फडक्यातून गाळा. गढूळ पाण्याचे मीठ शेवटपर्यंत गढूळच राहते.

आणि जळण. हे कोणी मोजत नाही, म्हणून मोजून सांगतो. तीन दगडांच्या चुलीवर निम्म्याहून कितीतरी जास्त उष्णता बाजूने वाया जाते. दहा लिटर पाणी आटवायला साधारण बारा किलो सुके लाकूड लागते. दोनशे ग्रॅम मिठाला बारा किलो लाकूड! घरगुती गॅसच्या मोठ्या शेगडीवरही लिटरमागे अर्धा तास तरी जातो. म्हणजे पाच लिटरची कढई घेऊन वीस मिनिटांच्या कार्यक्रमात मीठ काढू म्हणणारा उपाशी घरी जाईल. हा आकडा मुलांसमोर जरूर ठेवा, कारण चळवळीचे मर्म त्यात आहे. चुलीवर काढलेले मीठ कर भरून विकत घेतलेल्या मिठाहून महागच पडत होते. चौपाटीवर चूल मांडून बसलेल्या बायकांना आपण स्वस्त मीठ काढत नाही आहोत हे पुरते ठाऊक होते. त्या सरकारच्या मक्तेदारीवर बोट ठेवत होत्या. स्वस्त मीठ द्यायचे ते सूर्य आणि खाजणाची जमीन, आणि नेमके तेच कायद्याने अडवले होते. भरती-ओहोटीत खळग्यात आपोआप जमलेले मीठ उचलणे हासुद्धा गुन्हाच होता.

म्हणून आमची सूचना दोन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा गच्चीवर, उन्हात. लाकडी चौकटीत काळी ताडपत्री घालून साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा उथळ वाफा करा. त्यात दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी नको, म्हणजे दहा-अकरा लिटर. मार्चअखेरच्या उन्हात, वारा असेल तर, पाचसहा दिवसांत पाणी दाट होते. दमट हवेत आठवडाही लागतो. खोल बादलीत ठेवले तर महिना जाईल आणि डास होतील ते वेगळे. दाट होता होता पाण्याची वाफ होण्याचा वेगही मंदावतो, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत घाई करू नका. ही युक्ती नवी नाही. १९३० मध्ये मुंबईच्या काँग्रेस हाउसच्या गच्चीवर मीठ काढण्यासाठी असेच वाफे केले होते आणि पोलिसांनी तिथे धाड घातली होती. गिरगावात समुद्र हाकेवर असताना गच्चीवर का, तर किनाऱ्यावरची चूल पोलीस पहिल्या तासात लाथाडत.

दुसरा टप्पा प्रेक्षकांसमोर. तयार झालेले दाट पाणी अर्धा लिटर घ्या, रुंद तोंडाच्या स्टीलच्या कढईत, मोठ्या आचेवर. दहाबारा मिनिटांत पृष्ठभागावर साय धरल्यासारखा पापुद्रा दिसतो, मग तळाशी मीठ बसू लागते. निम्मे पाणी उरले की आच बंद. वरचे पाणी ओता, मीठ फडक्यात घाला आणि पिळा. पन्नास-साठ ग्रॅम निघेल, म्हणजे एक भरगच्च मूठ. ॲल्युमिनियमची कढई घेऊ नका, खारे पाणी तिला खड्डे पाडते; बिनकल्हईचे पितळही नको. लोखंडी कढई त्या काळाला शोभते, पण मीठ तांबूस निघते. तसे निघाले तर लपवू नका. मातीचे मडके दिसायला छान, पण खारे पाणी मुरून बाहेरून फुलते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वापराला तडकते. शेवटच्या पाच मिनिटांत खारे पाणी तडतडून उडते. लहान मुले चार हात लांब, आणि ढवळणारा मोठा माणूस. मीठ दाखवायचे आहे, खायचे नाही : आजच्या किनाऱ्याच्या पाण्याचा भरवसा नाही, आणि त्यात आयोडीनही नसते. एक गंमत सांगायलाच हवी. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायला आज आपल्याच कायद्याने बंदी आहे, तेव्हा पुड्या करून पाहुण्यांना विकण्याचा बेत असेल तर तो कायदेभंग तुमच्या जबाबदारीवर.

या मिठाचा रंग पाहा. करडे, मळकट. उन्हात सावकाश धरलेले जाडे, चौकोनी खड्यांचे, चुलीवरचे भुरभुरीत. दांडीला गांधीजींनी उचलले तेही असेच मळके होते, किंबहुना जास्तच, कारण ते पोचण्याआधी पोलिसांनी किनाऱ्यावरचे नैसर्गिक मीठ चिखलात तुडवून टाकले होते. ६ एप्रिलला सकाळी समुद्रस्नान करून त्यांनी उचलला तो चिखलातला गोळा. त्या दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी चूल मांडली नव्हती. तेव्हा तुमच्या पात्राला कढईसमोर बसवू नका. उकळण्याचे काम त्या दिवसापासून देशभर इतरांनी केले, आणि रंगमंचावर ते इतरांनीच करावे.

तारीखही उगीच निवडलेली नव्हती. ६ ते १३ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताह पाळला जाई : १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळापासून जालियनवाला बागेपर्यंतचा. मीठही त्याच दिवसांत धरते. आणखी दोन महिने उशीर झाला असता तर पावसाने सगळे धुऊन नेले असते.

दांडीयात्रेच्या प्रवेशात तुम्ही चालणे दाखवता. जमलेच तर तिची शिस्त दाखवा, नाट्य त्यात आहे. १२ मार्चला साबरमतीहून गांधीजींबरोबर ७८ जण निघाले, २४ दिवसांत सुमारे २४० मैल चालून ५ एप्रिलला दांडीला पोचले. त्यांत मराठी माणसेही होती. आश्रमातले पंडित नारायण मोरेश्वर खरे वाटेत भजने गात होते. तुमच्या शाळेत गाणारा मुलगा असेल तर त्याला एकतारी देऊन ही भूमिका द्या, आजवर कोणी दिलेली दिसत नाही. पुढे पुढे गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची अरुण टुकडी जाई आणि मुक्कामाची पाहणी करी. गावांसाठी सूचना आधीच छापल्या होत्या आणि त्या वाचण्यासारख्या आहेत. सकाळी राब, म्हणजे पिठाची पातळ पेज, आणि ढेबरे. दुपारी भाकरी, भाजी, ताक किंवा दूध. संध्याकाळी निघण्याआधी चणे-कुरमुरे. रात्री खिचडी. भाजी नुसती उकडलेली. तेल, मसाला, मिरची नको. तूप दिवसाला माणशी तीन तोळ्यांवर नाही : एक तोळा राबेत, एक भाकरीवर, एक खिचडीत. गोडधोड केले तरी घेतले जाणार नाही. पान, सुपारी, चहा यांवर गावाने खर्च करायचा नाही. अंथरूण ज्याचे त्याने आणलेले, गावाने फक्त स्वच्छ जागा द्यायची.

आणि गावाकडून मागितले काय, तर माहिती. लोकसंख्या किती, बायका किती, पुरुष किती, अस्पृश्य मानलेली माणसे किती, शाळेत किती मुलगे आणि किती मुली, चरखे किती चालतात, शेतसारा एकरी किती, गायरान किती, गाई-म्हशी किती, माणशी मीठ किती लागते आणि गुरांना किती, दारूचे दुकान किती लांब. चळवळीची ही जनगणनाच होती. चौथीच्या वर्गालाही हे करता येईल. तुमच्या गावाची, नाहीतर एका गल्लीची, हीच यादी भरून घ्या आणि नाटकाआधी मोठ्याने वाचा.

नियम मोडला गेला तेव्हा काय झाले तेही घ्या. २९ मार्चला भाटगामच्या सभेत गांधीजी आपल्याच माणसांवर बरसले. यात्रेसाठी सुरतेहून मोटारीने दूध-भाजी येत होती, आणि रात्रीच्या वाटचालीत मजूर डोक्यावर किटसनच्या बत्त्या, म्हणजे रॉकेलचे प्रखर दिवे, घेऊन पळवले जात होते. व्हाइसरॉयच्या पगारावर बोट ठेवायचे आणि आपण असे राहायचे, हे चालणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. हा प्रवेश कोणी बसवत नाही. आमच्या मते सगळ्या यात्रेत रंगमंचाला सर्वांत योग्य तोच आहे : अंधार, डोक्यावर बत्ती घेतलेला मजूर, त्याला कोणी विचारत नाही, आणि मग एकदम तो प्रकाशात येतो.

झेंड्याबद्दल थोडक्यात, कारण चूक जवळजवळ सगळीकडे होते. १९३० च्या प्रवेशात अशोकचक्राचा तिरंगा येऊ शकत नाही, आणि केशरी पट्टाही नाही. तेव्हाच्या स्वराज्य-झेंड्यावर वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल पट्टा आणि मध्ये चरखा असे. केशरी-पांढरा-हिरवा काँग्रेसने १९३१ मध्ये घेतला, तोही चरख्यासह. साबरमतीहून निघालेल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती, त्यावर तेव्हाच बायकांनी आक्षेप घेतला होता. तेव्हा हिशेब जुळावा म्हणून तिथे नऊवारीतल्या मुली घालू नका. त्यांच्यासाठी मुंबई आहे. चौपाटीवर कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी मीठ काढले. चुलीभोवती हात गुंफून कडे करायचे, पोलीस आला की कडे घट्ट करायचे, मीठ मुठीत आले की मूठ उघडायची नाही, ओरबाडून घेतले तरी उलट हात उचलायचा नाही. यात अवघड काय ते तालमीत कळते : उकळती कढई मध्ये असते आणि ढकलाढकलीत ती पहिली कलंडते. भाजण्याचा धोका खरा होता. म्हणून तालमीत कढई रिकामी आणि गार ठेवा.

मीठ काढणे आणि मिठागरावर चाल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकात कालवू नका. पहिली एप्रिलची, दुसरी मेची. ४-५ मेच्या रात्री दांडीजवळ कराडी इथे गांधीजींना पकडले, तेही मीठ कायद्याखाली नव्हे, तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली, म्हणजे खटलाच चालवायला नको. रेल्वेने बोरिवलीपर्यंत आणि तिथून मोटारीने येरवड्याला. त्यांच्यामागे अब्बास तय्यबजी, ते पकडले गेल्यावर सरोजिनी नायडू. वारसांची ही साखळी आधीच ठरलेली असे, आणि चळवळ थांबली नाही ती त्यामुळे. तुमच्या नाटकात पुढारी पकडला की पडदा पडतो. पडू देऊ नका. प्रेक्षकांतून दुसरा उठू द्या, मग तिसरा.

२१ मेच्या, धारासण्याच्या मिठागरावरच्या चालीचा प्रवेश करायचा तर जपून. अमेरिकन वार्ताहर वेब मिलर तिथे होता, आणि त्याच्या वृत्तांतामुळे ते जगाला कळले. मिठाच्या राशींभोवती काटेरी तारा आणि खंदक. सत्याग्रही रांगेने पुढे जात, लाठीखाली पडत, त्यांना उचलून नेले की पुढची रांग निघे. मिलरने जखमींच्या छपरीत ३२० जण मोजले, दोघे दगावले होते. या प्रवेशात ढोल-ताशा नको, आरोळ्या नकोत, आणि सत्याग्रही हात वर करून डोके वाचवतानाही दाखवू नका, कारण त्यांनी ते केले नव्हते. मुले आपले डोके वाचवायला जाणारच, तो शरीराचा धर्म आहे. एका मुलाला स्ट्रेचर, दुसऱ्याला पाण्याचा तांब्या, तिसऱ्याला नावे लिहिणारी वही द्या. रुग्णसेवा आणि नोंद यांना तिथे लाठी झेलण्याइतकेच काम होते.

दांडी-धारासणा गुजरातेत. आपल्याकडे काय, असे मुले विचारतात, आणि बहुतेक मंडळांकडे उत्तर नसते. शिरोडे, मालवण, वडाळा ही नावे फळ्यावर लिहा. शिरोड्यातल्या मिठागरांवर मे १९३० मध्ये सत्याग्रह झाला, कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन त्यात होते. तिथे आजही मीठ पिकते, सहल तिकडेच काढा. विलेपार्ल्याच्या छावणीत जमनालाल बजाज होते. वडाळ्याला १ जूनला सुमारे पंधरा हजार लोक मिठागराकडे धावले आणि पोलिसांचे कडे फोडून, पिशव्यांत-पदरांत मीठ घेऊन चिखलातून बाहेर आले.

विदर्भातल्या शाळांसाठी तर एक सोन्यासारखी गोष्ट आहे. अकोल्याजवळ दहीहंडा इथे, समुद्रापासून शेकडो मैल दूर, विहिरींच्या खाऱ्या पाण्यातून मीठ काढून सत्याग्रह झाला. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तिथल्या शेतकऱ्याला शापासारखा. त्या एप्रिलमध्ये तोच कामी आला. तुम्ही याच पट्ट्यात असाल तर समुद्राचे पाणी मागवू नका, विहिरीचे घ्या. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. विहिरीचे पाणी समुद्राइतके खारे नसते, तेव्हा मूठभर मिठाला कितीतरी जास्त पाणी आटवावे लागेल, म्हणून वाफे एकाऐवजी चार करा. आणि त्यात इतर क्षारांचे प्रमाण विहिरीगणिक बदलते, तेव्हा निघेल ते चाखू नका.

घाटावरच्या, खारे पाणी नसलेल्या शाळांनी मिठाचा हट्ट सोडावा हे बरे. जूनमध्ये पाऊस लागला, मिठागरे बंद झाली, आणि चळवळ जंगलाकडे वळली ती याच कारणाने : पावसाळ्यात मीठ धरत नाही, पण गवत वाढते. राखीव जंगलातले गवत कापणे हा गुन्हा, म्हणून विळा हे हत्यार. १० जुलै १९३० ला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून अटक करून घेतली. सप्टेंबरात बिळाशी आणि चिरनेर इथले जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला २५ तारखेला गोळीबार होऊन माणसे मेली. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम भर पावसात असतो. त्या दिवशी मीठ काढायला निघणे म्हणजे निसर्गाशी भांडण, विळा आणि गवताचा भारा मात्र अगदी वेळेवर मिळतो.

शेवट कुठे करायचा? बहुतेक जण १९४७ वर उडी मारतात. मध्ये ५ मार्च १९३१ आहे. गांधी-आयर्विन करारात मीठ कायदा रद्द झाला नाही. सवलत मिळाली ती एवढीच : जिथे मीठ गोळा करता किंवा काढता येते, तिथल्या आसपासच्या गावकऱ्यांनी ते घरच्या वापरासाठी घ्यावे, गावातल्या गावात विकावे, बाहेर विकू नये. साठ हजारांवर माणसे तुरुंगात जाऊन हाती आले ते इतके, आणि कर त्यानंतर सोळा वर्षे चालू राहिला. तो गेला १९४७ च्या एप्रिलमध्ये. हे कलम रंगमंचावर वाचून दाखवा आणि लगेच टाळ्यांची वाट पाहू नका. नंतर मुलांना विचारा, त्यांच्या मते हे पुरेसे होते का. दोन्ही बाजूंनी बोलणारी निघतात. १९३१ मध्येही निघाली होती.

सहा एप्रिलला कार्यक्रम असेल तर पाणी २६-२७ मार्चला भरून ठेवा. परीक्षा तेव्हाच असतात, म्हणून वाफ्याची पाळी सातवीकडे द्या, दहावीकडे नको. रोज सकाळी दहाला काठीवर खूण करून पाण्याची खोली टिपा. पाखरे बसू नयेत म्हणून वर बारीक जाळी ताणा. रात्री वाफा प्लास्टिकने झाकायला विसरू नका, नाहीतर दिवसभर उडालेल्या पाण्यातले थोडे दव होऊन पुन्हा आत येते, आणि पहाटे पाहावे तर आदल्या संध्याकाळी कडेला धरलेले मीठ विरघळून गेलेले असते.

कळावे,
मिठागर आणि इतिहास दोन्ही जवळून पाहणारे काही जण